शटरखालची जागा

शटरला टेकू लावलेला दिसला की माझं डोकं फिरतं. मग मी कुठं चाललेय, सोबत कोण आहे, कशाचं भान राहत नाही. परवा बाजारात एका स्टेशनरीच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं, खाली बांबू लावलेला, आणि मालक त्याच्याखाली वाकून वह्यांचे गठ्ठे आत सरकवत होता. मी त्याला भर रस्त्यात सुनावलं. तो म्हणाला, "मावशी, तुमाला काय घ्यायचंय?" मला काही घ्यायचं नव्हतं. हा माणूस संध्याकाळी धडपणी घरी जावा एवढंच माझं म्हणणं होतं. पण मावशीच्या वयाच्या बाईनं असलं काही सांगितलं की लोकांना हसू येतं. तोही हसला आणि परत वाकला.

आमच्याकडं वस्तू मोडली की आधी टेकू शोधतात. खाट डुगडुगली, खाली वीट. खिडकी उघडी राहीना, मध्ये लाकडाची ढलपी. टेकू लागला की दुरुस्ती झाली, चहा ठेवा. खाटेचं एक वेळ चालतं, खाट पडली तर माणूस वीतभर खाली येतो. शटर म्हणजे दारावर टांगलेलं लोखंड. ते आपल्या दंडाच्या जोरावर वर जात नाही, वरच्या गुंडाळीत पाइपावर बसवलेल्या स्प्रिंगा त्याचं ओझं उचलतात. स्प्रिंग गेली की ते ओझं खाली यायला मोकळं होतं. हे मला कुठल्या शाळेत शिकवलं नाही, आमच्या घरात शिकायला मिळालं, आणि तो राग अजून माझ्या पोटात तसाच आहे.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, एका अरुंद गल्लीत. मागं राहायच्या खोल्या, पुढं गाळा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. गाळ्यात त्यांचा स्वतःचाही एक माग होता. धंदा बसला, माग भंगारात गेला. त्याचं एक जाडजूड लाकूड तेवढं अण्णांनी ठेवून घेतलं, कशाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. माग गेल्यावर गाळ्यात अण्णांची स्कूटर आली आणि एका कोपऱ्यात माझं शिलाई मशीन. मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. लग्न मोडून माहेरी परत आलेली मुलगी आहे मी, तेव्हा घरात माझ्या शब्दाला काय वजन होतं ते वेगळं सांगायला नको.

गाळ्याच्या तोंडाशी आईची जागा. आई विडी कारखान्याच्या विड्या घरी वळते. आमच्या गल्लीत उन्हाळ्यातल्या दुपारी सगळी शटरं अर्धी खाली येतात. पूर्ण उघडं ठेवलं तर झळा आत, पूर्ण लावलं तर आत भट्टी. म्हणून कमरेइतकं उघडं ठेवायचं आणि त्या फटीत, बरोबर शटरच्या खाली, बायका मांडीवर सूप घेऊन बसतात. तिथं पान कापायला उजेड मिळतो, थोडा वारा लागतो आणि समोरच्या दारातल्या बाईशी आवाज न चढवता बोलता येतं. आमच्या समोर अक्का राहते. तिच्या घरात तेलुगू बोलतात, आमच्या घरात मराठी. या दोघी गल्लीच्या दोन बाजूंनी दोन्ही भाषांची खिचडी करून दुपारभर बोलायच्या आणि त्यांचं काही अडायचं नाही.

शटर एका दिवसात बिघडत नाही. आधी ते कुरकुरायला लागलं. मग जड झालं. मग वर जाताना तिरकं व्हायला लागलं, एक बाजू पुढं, एक मागं. मी म्हणाले, "अण्णा, शटर लई जड झालंय, कुणाला तरी दाखवा." अण्णा म्हणाले, "शटर न्हाय जड झालं. तूच म्हातारी झालीस." आई हसली. मीही हसले बहुतेक. दसऱ्याला याच शटरला आम्ही हळदकुंकू लावत होतो, झेंडूची माळ घालत होतो, नारळ फोडत होतो. पुढच्या पट्ट्यांवर कुंकवाचे जुने डाग अजून आहेत. वर गुंडाळीत गंजत चाललेल्या स्प्रिंगांना थेंबभर तेल घालावं, हे मात्र एका दसऱ्यालाही कुणाला सुचलं नाही. हात जोडले की आमचं काम झालं.

स्प्रिंग तुटली ती भर उन्हाच्या दुपारी. मी मशीनवर होते. आई शटरखाली होती, गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला तशी ती सूप तिथंच ठेवून आत गेली. वर बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि अर्ध्यावरचं शटर धाडकन खाली आलं. गाळ्यात अंधार. मी मशीनवरून उठून अंधारात शटरकडं धावले. मग मागच्या खोलीतून आई विचारत आली, "काय पडलं गं?" मी तिला धरून खालीच बसले.

शेजारच्या पुरुषांनी शटर उचललं तेव्हा आईचं सूप भाकरीसारखं चपटं झालेलं होतं. त्यातल्या विड्यांचा भुगा. आईला हळहळ वाटली ती विड्यांची, आता कारखान्यात काय देऊ म्हणून. आणि गल्लीतला जो तो म्हणाला, देवानं वाचवलं. हेच मला सहन होत नाही. वाचलात म्हणायचं, नमस्कार करायचा आणि जे मारायला आलं होतं त्याला तिथंच लटकत ठेवायचं. देवानं एकदा दूध उतू घालवून वाचवलं. त्यानं रोज दूध उतू घालवायचं का?

अण्णा शिडीच्या घोड्यावर चढले, वर बॅटरी मारून बघितलं आणि निकाल दिला. "दोन स्प्रिंगा हायत. एक गेली. दुसरी चांगली हाय." मी म्हणाले, शटरवाल्याला बोलावते. अण्णांना ते लागलं. "जन्मभर माग सांभाळले मी. एक शटर सांभाळता येत न्हाय व्हय मला?" मग त्यांनी मागाचं ते ठेवलेलं लाकूड आणलं, शटर शेजाऱ्यांच्या मदतीनं कमरेइतकं उचललं आणि लाकूड खाली उभं केलं. दोन्ही हातांनी हलवून बघितलं. समाधानानं हात झटकले. इतके दिवस पडून राहिलेल्या लाकडाला शेवटी काम मिळालं, अण्णांनाही मिळालं.

आणि दुसऱ्या दुपारी आई नवीन सूप घेऊन त्याच जागेवर बसली.

"आई, ऊठ तितनं."

"टेकू हाय की."

"टेकू सरकला तर?"

"तुझ्या अण्णांनी लावलाय, कसा सरकंल?"

मी तिचं सूप उचलून आत नेलं. ती बाहेर घेऊन आली. मी परत आत नेलं. ती म्हणाली, आत पानाच्या शिरा दिसत नाहीत, विडी वाकडी होते, कारखान्यात काढून टाकतात. मी म्हणाले, माझ्या मशीनचा दिवा घे. ती म्हणाली, दिव्यानं डोळे दुखतात. समोरून अक्का म्हणाली, "बसू दे की गं, किती बोलतीस आईला." रोज हेच. मशीनवर माझं लक्ष लागायचं नाही. पायाखाली पायडल आणि डोळे त्या लाकडावर. दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या मी त्या दिवसांत. गिऱ्हाईक बोललं ते ऐकून घेतलं.

शेवटी अण्णांना न विचारता शटरवाल्याला फोन केला. दुपारी येतो म्हणाला. नेमकं मला अस्तर आणायला जावं लागलं, आणि मी परत आले तेव्हा लाकूड होतं तिथंच आणि आईही होती तिथंच. शटरवाला आलाच नाही का, म्हणून मी चडफडत होते. अक्कानं सांगितलं, "आलता की. तुझ्या अण्णांनी परत लावून दिला. म्हणले, आमी घरचेच मिस्त्री हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णा आत जेवत होते. मी त्यांना ताटावर विचारलं, आईच्या डोक्यात पडल्यावर बोलवायचं का त्याला? असं बोलू नये, मला माहीत आहे. अण्णांनी हात धुतला आणि उठले. आई मलाच रागावली, जेवत्या माणसाला उठवलं म्हणून.

मग ती शेळी. गल्लीत कुणाची तरी एक शेळी मोकळी फिरायची. एका दुपारी ती आली आणि आमच्या टेकूला अंग घासायला लागली, खाज सुटली असेल बिचारीला. लाकूड खालून बोटभर सरकलं. वर शटर करकरलं. आई पानं कापत होती, तिनं मान वर केली नाही. फक्त "हाड" म्हणाली.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण गल्ली गोळा झाली होती. मी आईला दंडाला धरून आत ओढलं, अक्काच्या नवऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून लाकूड काढलं आणि शटर पार खाली सोडून दिलं. म्हणाले, आता हे दुरुस्त झाल्याशिवाय वर जाणार नाही. आमचं जाणं-येणं मागच्या बोळातल्या दारानं होईल. आई गाळ्यात ट्यूबखाली तोंड फिरवून बसली. आणि अण्णा, ज्यांनी सगळं रामायण घडवलं होतं ते अण्णा, म्हणाले, "उद्या मीच बदलतो स्प्रिंग. लई झालं तुझं." संध्याकाळी जुन्या बाजारातून एक स्प्रिंग घेऊनही आले.

माग कसा असतो हे मला अण्णांमुळं माहीत आहे. मोटर बंद केली, पट्टा उतरवला, की माग गप्प होतो. त्याच्या पोटात हात घाला, स्प्रिंग काढा, दुसरी लावा, तो काही करत नाही. अण्णांचं सगळं आयुष्य असल्या गप्प झालेल्या मागांच्या पोटात हात घालण्यात गेलं. त्यांनी शटर बघितलं. ते खाली आलेलं, जमिनीवर टेकलेलं, हलत नव्हतं. म्हणजे गप्प झालं, असं त्यांना वाटलं. पण शटरचं उलटं असतं. ते खाली येतं तेव्हा वरची स्प्रिंग पिळत जाते, आणि पार खाली टेकलं की तिचा पीळ सगळ्यात घट्ट असतो. राहिलेली ती चांगली स्प्रिंग वर पाइपावर आवळून बसली होती. शटरवाल्याला विचारलं असतं तर त्यानं पहिली गोष्ट हीच सांगितली असती. त्याला आम्ही दारातून परत पाठवला होता.

मी घोडा धरून उभी होते. अण्णांनी पाइपाच्या टोकाला पाना लावला.

"अण्णा, मिस्त्रीला येऊ द्या."

"धर गप."

नट ढिला झाला तसा पाइप स्वतःच फिरला. गर्रकन. पाना हातासकट फिरला आणि भिंतीवर आपटला. अण्णांनी उजवा हात पोटाशी धरला आणि एकेक पायरी चाचपत घोड्यावरून खाली आले, आणि खाली आल्यावर मला म्हणाले, "आईला इकडं येऊ दिऊ नको." शर्ट भरत चालला होता. आई दारातच उभी होती.

अंगठ्याजवळची दोन बोटं वाचली नाहीत. बाकीचा तळहात जुळला, पण वाकडा. मागावर धागा तुटला की याच दोन बोटांनी आणि अंगठ्यानं अण्णा गाठ मारायचे, डोळे दुसरीकडं असले तरी. ती गाठ टॉवेलात कुठं लपली ते शोधून सापडायचं नाही. मी लहानपणी खूप शोधलेलं आहे.

भेटायला माणसं आली. मंद्रूपहून आत्या आली, अण्णांची थोरली बहीण. चहा घेतला, अण्णांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "सारकं मागं लागली व्हतीस म्हनं. आता झालं का समाधान?" खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, म्हणजे त्यांना ते पटलं होतं. मी आत्याला सांगितलं ते इथंही सांगते. माझी चूक नव्हती. मी मिस्त्री बोलवा म्हणत होते, तुम्हीच चढा म्हणत नव्हते. आईनं तिथून उठावं म्हणत होते. पुढं काय होणार हे दिसत असताना बोलली ती वाईट, आणि ज्यांनी टेकू हलवून बघून "मजबूत हाय की" म्हटलं ते भले. आत्या न जेवता गेली. मी तिला थांबवलं नाही.

शटरवाला आला. काही विचारायला लागला तर मी म्हटलं, काम कर. त्यानं आधी पाइप अडकवून ठेवला, मग उरलेल्या स्प्रिंगचा पीळ हळूहळू सोडला, दोन्ही स्प्रिंगा नवीन घातल्या, शटर ज्यातून सरकतं त्या बाजूच्या पन्हाळी पुसून तेल लावलं आणि पुढंही लावत जा म्हणाला. माझा एक ब्लाउज शिवून होतो तेवढ्या वेळात सगळं झालं. आता शटर एका हातानं जातं, वर सोडलं तर वर राहतं, अर्ध्यावर सोडलं तर अर्ध्यावर. ते इतकं हलकं वर जातं ना, तेव्हाच मला जास्त राग येतो.

आई आता शटरखाली बसत नाही. गाळ्यातच टाकलेल्या अण्णांच्या खाटेजवळ बसते. अण्णांना डाव्या हातानं भाकरी मोडता येत नाही, ती कुस्करून द्यावी लागते. डॉक्टर म्हणाले, उरलेली बोटं हलवत राहा, म्हणून ती त्यांना वळलेल्या विड्या दोरा बांधायला देते. अण्णा ओठ आवळून बांधतात. त्यांनी बांधलेला दोरा सैल असतो. ते झोपले की आई तो सोडून परत बांधते. ते झोपलेले नसतात, हे मला मशीनवरून दिसतं. त्या जागेवरून आईला उठवायचं, एवढंच तर मी मागत होते. ती उठली.

तो उजवा हात अण्णा कुणाला दाखवत नसत. खांद्यावरचा टॉवेल त्यावर टाकलेला असायचा. कुणी आलं की टॉवेल आणखी पुढं ओढायचे.

आणि मग एके दिवशी सकाळी अक्काचा नवरा आला. दारातच उभा राहून म्हणाला, "अण्णा, तुमचं ते लाकूड मोकळंच हाय की आता. आमचं शटर लई जड झालंय. ऱ्हायना वर. दोन-चार दिस द्या."

खरं सांगते, मला आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे शब्द आले, पण हा माणूस हे बोलतोय हे डोक्यात शिरेना. याच माणसानं अण्णांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. त्याच्या शर्टाला रक्त लागलं होतं. मी तोंड उघडलं, त्याआधी आई उठून लाकूड आणायला निघाली होती. शेजारधर्म! माझी आई मरताना यमालासुद्धा बसायला पाट देईल.

"थांब," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "करवत आण."

मी आणली. अण्णांनी लाकूड दारापुढं आडवं पाडलं, त्यावर पाय रोवला आणि मला म्हणाले, काप. सागवान होतं, मेलं कापता कापेना. मी घामाघूम झाले. अक्काचा नवरा बघत उभा राहिला, मग म्हणाला, एक लाकूड देता येत न्हाय तुमाला, आणि गेला. अण्णांनी तुकडे आंघोळीच्या पाण्याच्या चुलीपाशी लावून ठेवले, डाव्या हातानं, एकावर एक.

दुसऱ्या दुपारी समोरच्या शटरखाली लोखंडी पाइप उभा होता आणि पाइपाशेजारी अक्का बसली होती, मांडीवर सूप, नेहमीसारखी पानं कापत. मी मशीन थांबवलं. ओरडायला उठलेच होते. पण अण्णा माझ्याआधी खाटेवरून उतरले होते. पायात काही न घालता ते तापलेल्या गल्लीतून पलीकडं गेले आणि अक्कासमोर उभे राहिले. अक्का वर बघायला लागली. तिचा नवरा आतून बाहेर आला.

अण्णांनी हातावरचा टॉवेल काढला आणि हात तिच्या सुपावर धरला, बघ म्हणून.

"मला बी लई कळत व्हतं," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आमच्या घरात एकदाही म्हटलं नव्हतं. मला नाही, आईला नाही.

अक्कानं हातातली कात्री सुपात ठेवली, सूप उचललं आणि उठून आत गेली.